विहिरीच्या कडेनं निघालेला बुटका

लातूरला आमच्या इमारतीखाली चहाची टपरी आहे. समोर शिकवणीचे वर्ग, त्यामुळे टपरीवरचं गिऱ्हाईक सगळं मिसरूड फुटायच्या वयाचं. डॉक्टर व्हायला गावोगावहून आलेली ही मुलं एरवी मार्कांशिवाय दुसरं काही बोलत नाहीत. पण विश्वचषक पुन्हा आला आणि टपरीचा सूर बदलला. काल दवाखान्यातून परतताना पाहिलं, तर एक चष्मेवाला मुलगा चहाचा ग्लास हातात तसाच धरून दुसऱ्याशी तावातावानं भांडत होता. विषय एकच, या काळातला सगळ्यात मोठा फुटबॉलपटू कोण.

"आकडे बघ ना भावा, आकडे."

"आकड्यानं काय होतंय? डोळ्यानं बघ, मंग बोल."

मी भाजीची पिशवी घेऊन जिन्याच्या पहिल्या पायरीवरच थांबले. फुटबॉलमधलं मला आजही फारसं कळत नाही. पण हा वाद मी ज्या घरात ऐकला, तिथे डोळ्यानं बघ असं म्हणायची सोय नव्हती.

हा वाद ज्या दोघांवरून चालतो, त्यांची जगातली नावं सांगायची गरज नाही. आमच्या घरात ती नावं कधी घेतलीच गेली नाहीत. अर्जेंटिनाचा तो डावखुरा, अंगानं लहान, मान खाली घालून चालणारा, तो बुटका. पोर्तुगालचा तो उंच, दगडातून कोरल्यासारखा, हवेत उडी मारली की खाली यायला विसरणारा, तो पैलवान. परदेशी नावांवर आमचे शेतशेजारी व्यंकटकाकांची जीभ वळेना, म्हणून त्यांनीच हे बारसं केलं. माझे वडील, अण्णा, जन्मभर मास्तरकी केलेले. त्यांनी दोन-चार वेळा उच्चार सुधारून पाहिले आणि मग शरण गेले.

तो हिवाळा होता. मागच्या खेपेचा विश्वचषक थंडीत झाला होता, आठवतं ना. माझी नेमणूक तेव्हा कंधारच्या ग्रामीण रुग्णालयात परिचारिका म्हणून होती आणि बऱ्याच वर्षांनी मी गावाकडच्या घरात राहत होते. सकाळी स्कूटीवर निघाले की दोन्ही बाजूंना तूर पिवळ्या फुलांनी भरलेली असायची. कापसाची दुसरी वेचणी चालू होती. ज्याच्या त्याच्या ओसरीत कापसाचा ढीग, आणि ढिगात लोळणारी पोरं. थंडी अशी, की चहा पिण्याआधी कपावर हात शेकून घ्यावे लागायचे. संध्याकाळी शेकोटीचा धूर गावावर आडवा पसरायचा आणि दुसऱ्या दिवशी दवाखान्यातही माझ्या केसांना त्याचा वास यायचा. तो वास मला अजून आवडतो.

अण्णा तालुक्याच्या शाळेत क्रीडाशिक्षक होते. खो-खो, कबड्डी, आणि पोरं जमली तर फुटबॉल. त्यांची शिट्टी वेशीपर्यंत ऐकू येते असं गावात म्हणत. निवृत्त झाले आणि काचबिंदूनं त्यांची नजर कडेकडेनं कुरतडत नेली. आधी कोपरे गेले, मग मधलंही गेलं. काचबिंदूनं नेलेली नजर परत येत नाही, हे मला शिक्षणानं माहीत होतं आणि अण्णांना माझ्या गप्प बसण्यावरून कळलं. त्यांनी ते फार आदळआपट न करता सोसलं. सोसवलं नाही ते दुसरंच.

माणसाची नजर गेली की लोक त्याच्याशी मऊ बोलायला लागतात. हा आवाज मी ओळखते, आम्ही परिचारिका तो दिवसभर वापरतो. गावातली माणसं ओसरीवर यायची, अण्णांच्या गुडघ्यावर हात ठेवायची आणि ते जे म्हणतील त्याला मान डोलवायची. अण्णा म्हणाले यंदा थंडी कमी आहे, तर "हाव मास्तर, कमीच हाय." मुद्दाम परीक्षा घ्यायला ते म्हणायचे, यंदा थंडी जास्त आहे, तर "हाव मास्तर, लई हाय." ज्या माणसानं आयुष्यभर पोरांना उलट प्रश्न विचारायला शिकवलं, त्याला उलट बोलणारं कुणी उरलं नाही. एकदा मला म्हणाले, "सुजा, मी काहीही बोललो तरी चालतं आता. म्हणजे मी बोललो काय, न बोललो काय."

अपवाद एकच, व्यंकटकाका. त्यांचं आणि आमचं शेत लागून. आमचं रान उगवतीला, त्यांचं मावळतीला, मधे बांध. आमच्या भागात बांधावरून भावाभावांची डोकी फुटतात, पण या दोघांनी बांध सोडून बाकी सगळ्यावरून भांडण केलं. ते मराठा शेतकरी, आम्ही बौद्ध. काका दारात येऊन "जय भीम, मास्तर" म्हणायचे आणि अण्णा "रामराम, व्यंकटराव" म्हणायचे. प्रत्येकानं दुसऱ्याच्या पद्धतीचा नमस्कार करायचा, हा त्यांचा जुना रिवाज. आणि एवढी गोडी झाली की लगेच जुंपायची. मास्तर ज्या बाजूला, त्याच्या समोरच्या बाजूला आपली खाट टाकायची, हा काकांचा धर्मच होता. अण्णा बुटक्याचे, म्हणून काका पैलवानाचे. मला वाटतं त्याआधी त्यांनी फुटबॉलला पायही लावला नव्हता.

पण न दिसणाऱ्या माणसाशी दिसणाऱ्या खेळावरून भांडायचं तर आधी त्याला तो खेळ दाखवावा लागतो. टीव्हीवरचा निवेदक फक्त नावं घेतो आणि ओरडतो. कोण कुठं आहे, ते सांगत नाही, कारण बघणाऱ्याला ते दिसतच असतं. मी सांगायला बसले तर "तो इकडं गेला, मग तिकडं" यापुढे माझी मजल जाईना. काकांनी मात्र पहिल्याच दिवशी रस्ता काढला. आमचा टीव्ही दक्षिणेच्या भिंतीला. समोर बसलं की डाव्या हाताला उगवत, उजव्या हाताला मावळत. काकांनी ते हिरवं मैदान उचललं आणि सरळ आमच्या दोन रानांवर अंथरलं. मधली पांढरी रेघ म्हणजे बांध. डावीकडचा गोल आमच्या रानाच्या टोकाला, उजवीकडचा त्यांच्या. पडद्यावरची पलीकडची कड म्हणजे विहिरीची, अलीकडची म्हणजे गाडीवाटेची.

"बुटका विहिरीपाशी उभा हाय. चालूनच राहिला. कामाचा न्हाई दिसत आज. आला चेंडू. बांध ओलांडला. तुझ्या रानात शिरला, बाभळीपर्यंत आला, दोघं आडवे आले, गाडीवाटेकडं दिला त्यानं चेंडू."

अण्णांना त्या दोन रानांचा दगड न् दगड पाठ. ते मान किंचित तिरकी करून ऐकायचे आणि त्यांचा चेहरा चेंडूमागं फिरायचा. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलायचे, तेव्हा काका कुरकुरत. "आता तुझा बुटका माझ्या रानात घुसनार. तूर तुडवली तर भरपाई कोन देनार?" अण्णा म्हणायचे, "तुझ्या पैलवानाला रोजानं लाव राखणीला. तेवढंच काम जमंल त्याला."

मी स्वयंपाकघरातून हे ऐकायचे आणि भाकरी करपायची. हजारो कोसांवर दोन माणसं चेंडू लाथाडतात आणि कंधार तालुक्यातल्या एका विझलेल्या डोळ्यामागं हिरवं रान उजळतं, याचं मला तेव्हाही नवल वाटायचं. आज जास्त वाटतं.

मग विजेचा डीपी जळाला. आमची गल्ली अंधारात, म्हणून दुपारी आम्ही काकांच्या घरी गेलो. सामना सुरू व्हायचा होता, तोवर जुने गोल दाखवत होते. त्यातला बुटक्याचा एक गोल काकांनी अण्णांना सांगितला. विहिरीच्या कडेनं मावळतीकडं निघाला, आत वळला, डाव्या पायानं मारला, चेंडू बाहेरून वळत वळत आत शिरला.

अण्णा म्हणाले, "पुन्हा सांग."

काकांनी पुन्हा सांगितलं. अण्णा म्हणाले, "होऊ शकत नाही."

"म्या पाह्यलं की."

"विहिरीच्या कडेनं मावळतीकडं निघालेला माणूस मैदानाच्या डाव्या अंगाला असतो. तिथून डाव्या पायानं मारलेला चेंडू बाहेर वळतो, आत वळत नाही. मी पोरांना शिकवलंय हे."

"आरं पन वळला ना आत."

"मग तू फिरवून सांगून राहिलास, व्यंकट. तुझ्या पैलवानापायी."

काकांनी टीव्ही बंद केला. एरवी शिवी हासडणारा हा माणूस हळू बोलला, तेव्हाच मला कळलं की घाव वर्मी लागलाय. "मास्तर, बाकी काईबी म्हन. माझ्या डोळ्यानं तुला म्या इमानानं दाखवलं. पैलवान पडला तव्हा पडला म्हनलं, बुटक्यानं मारला तव्हा मारला म्हनलं."

अण्णा म्हणाले, "सुजा, काठी दे."

काका यायचे बंद झाले. डीपी दुरुस्त झाला, टीव्ही लागला, पण घरात आवाज नव्हता. ओसरीवर मऊ आवाजाची माणसं येत राहिली. एकजण म्हणाला, "मास्तर, तुमचा बुटकाच मोठा हो, वादच न्हाई." अण्णा उठून आत गेले आणि भिंतीकडं तोंड करून पडून राहिले. जेवायला बोलावलं तर भूक नाही म्हणाले. काचबिंदूला जे जमलं नव्हतं ते या होकारांनी होऊन राहिलं होतं, आणि मी रुग्णालयातली शिकलेली बाई, माझ्याकडं त्याला औषध नव्हतं. मला खरंच भीती वाटली.

त्या संध्याकाळी मी सामना लावून बसले, अण्णा यावेत म्हणून मोठ्यानं. खिडकीतून तिरीप आली आणि माझ्या उजव्या गालावर पडली. काकांच्या घरी दुपार कलल्यावर तीच तिरीप माझ्या डाव्या डोळ्यावर आली होती, मी पदर आडवा धरला होता. त्यांचा टीव्ही उत्तरेच्या भिंतीला आहे. म्हणजे तिथं डाव्या हाताला मावळत येते. काकांनी आपल्या घराच्या हिशेबानं उगवत-मावळत बदलली, पण विहीर सवयीनं पडद्याच्या पलीकडंच ठेवली. तिथं पलीकडं खरं तर गाडीवाट यायला हवी होती, त्यामुळे चित्र आरशातल्यासारखं उलटं झालं होतं. उजव्या अंगाचा बुटका अण्णांना डाव्या अंगाला दिसला.

काकांनी खोटं सांगितलं नव्हतं. आणि अण्णांनी, काही न दिसता, नुसत्या चेंडूच्या वळण्यावरून ओळखलं होतं की दाखवलेलं चित्र उलटं आहे. आम्ही डोळे असलेले दोघं त्याच खोलीत होतो आणि आम्हाला पत्ता नव्हता.

दुसऱ्या दिवशी ड्युटीवर जायच्या आधी मी काकांच्या कापसात गेले. ते ओटीत बोंडं भरत होते. माझं सगळं ऐकून घेतलं, मग तिथंच उभ्या उभ्या आधी दक्षिणेकडं तोंड केलं, दोन्ही हात पसरले, मग उत्तरेकडं वळून पुन्हा पसरले. बाजूच्या वेचणाऱ्या बाया पदरात तोंड लपवून हसायला लागल्या.

"मंग खोटं कोन बोललं?" काकांनी विचारलं.

"कुणीच नाही. भिंत बदलली."

संध्याकाळी दारात आवाज आला. "जय भीम, मास्तर. तुझं डोकं बरोबर व्हतं. माझी विहीर चुकली."

आतून अण्णा म्हणाले, "रामराम. विहीर चुकत नसते. माणूस चुकतो." आणि बाहेर येऊन आपल्या जागेवर बसले. माफी यापेक्षा जास्त कुणी मागितली नाही. मी चहाला आधण ठेवलं.

त्यानंतर पैलवानाचा संघ हरला. सामना संपला आणि काका सांगायचे थांबले. अण्णांनी विचारलं, "काय करून राहिला तुझा गडी?" पडद्यावर पैलवान एकटाच, डोळ्यांवर हात घेऊन, आत जाणाऱ्या बोळातून चालला होता. काकांच्या गळ्यातल्या उपरण्याचा बोळा त्यांच्याच मुठीत होता. आता अण्णा मऊ बोलतील असं मला वाटलं. अण्णा म्हणाले, "रडू दे. उभा जन्म आरशासमोर केस विंचरण्यात घालवला, आता रडून काय होतंय?" काका भडकले, "मास्तर, तोंड सांभाळ. त्याच्यावानी उडी तुझ्या बुटक्याच्या सात पिढ्यांना जमनार न्हाई." आवाज चढला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर रक्त परत आलं. दुखऱ्या माणसाला फुंकर घालणं मला शिकवलंय. न घालणं हीही शुश्रूषा असते, हे मी त्या ओसरीवर शिकले.

मोठा कोण, हे मला अजून ठरवता येत नाही. टपरीवरची पोरं गोल मोजतात, कप मोजतात. त्या हिवाळ्यात अखेर बुटक्यानं कप उचलला आणि वाद मिटला असं जगाला वाटलं. आमच्याकडं मिटला नाही. "कप अकरा जनांचा असतो," काका म्हणाले. मला वाटतं, मोठा तो, ज्याचं कौतुक विरुद्ध बाजूच्या माणसालाही प्रामाणिकपणे करावं लागतं. तसं कौतुक एकदा माझ्या डोळ्यांसमोर झालं. बुटका कप जिंकण्याच्या काही दिवस आधीची गोष्ट आहे.

मध्यरात्री झालेला उपांत्य सामना सकाळी पुन्हा दाखवत होते. धारा काढून काका आले होते, माझी दुपारपाळी होती. बुटक्याला मैदानाच्या उजव्या कडेला चेंडू मिळाला. त्याच्या मागं एक दांडगा तरणा गडी, नाकावर काळा मुखवटा बांधलेला. काका सांगायला लागले, "बांधावर मिळाला, विहिरीच्या कडेनं निघाला, उगवतीकडं..." आणि पुढं त्यांचा आवाजच फुटेना. पडद्यावर जे झालं ते संपून गेलं तरी त्यांचं तोंड उघडंच.

"अरे पुढं काय?"

काका म्हणाले, "मास्तर, हे बसून सांगता येत न्हाई. ऊठ."

आम्ही तिघं शेतात गेलो. सोयाबीन निघाल्यावर त्या वर्षी आमच्या रानात काही पेरलं नव्हतं, जमीन मोकळी आणि दवानं मऊ झाली होती. काकांनी अण्णांना बांधावर विहिरीच्या बाजूनं उभं केलं, तोंड उगवतीला. काठी काढून माझ्या हातात दिली. मला म्हणाले, "माय, तू मुखवट्याचा गडी. मास्तरच्या पाठीला हात लावून पळायचं, सोडायचं न्हाई." आणि स्वतः रानाच्या टोकाला, गोल असतो तिथं, जाऊन उभे राहिले. तिथून त्यांचा आवाज आला, "पळ."

नजर गेल्यापासून अण्णा पळाले नव्हते. भिंतीला हात लावल्याशिवाय न्हाणीपर्यंतही जात नव्हते. क्षणभर ते उभे राहिले, मग धोतराचा सोगा खोचला आणि निघाले. माझा तळवा त्यांच्या पाठीवर होता, सदऱ्याखालून हाडं लागत होती. "नाकासमोर ये. ढेकळं हायती, पाय उचल. ये. आता थांब." अण्णा थांबले, मी अंगावर आदळले. "त्योबी असाच थांबला. गड्याला वाटलं, संपलं. आता पाठ फिरव त्याच्याकडं. फिरव. आन पुन्हा वळ, विहिरीच्या अंगानं नको, आतून." अण्णा माझ्या हाताखालून असे वळले की माझा हात हवेत राहिला. म्हातारा माणूस तो, पण त्या वळण्यात शाळेच्या मैदानावरचे अण्णा मला दिसले. पुन्हा गाठायला मला खरंच धावावं लागलं. "टोकाला आला तू. आता माझ्याकडं मार, हळू." अण्णांनी पायानं चाचपून एक ढेकूळ आवाजाच्या दिशेनं ढकललं. ते काकांच्या पायाशी जाऊन फुटलं.

"झाला गोल," काका म्हणाले.

अण्णा वाकून, गुडघ्यांवर हात ठेवून, धापा टाकत होते. चेहरा घामानं भिजला होता आणि त्यावर असं तेज होतं, की मी नजर दुसरीकडं केली. "व्यंकट," ते म्हणाले, "एवढं सगळं चेंडू पायाला ठेवून केलं त्यानं?"

"हाव."

"या वयात?"

"हाव, मास्तर. तुला सांगतो, म्या असं कव्हाच पाह्यलं न्हाई. अंगावर काटा आला बग." त्यांनी बाही वर करून दंड दाखवला, आणि अण्णांना दिसत नाही हे ध्यानात येऊन त्यांचा हात धरून आपल्या दंडावर ठेवला.

अण्णांनी काटा चाचपला. मग सरळ उभे राहिले. "मग आता सांग. मोठा कोण?"

काकांचे डोळे भरले होते. ते मला दिसत होतं, अण्णांना नाही. हा माणूस आता हो म्हणणार अशी मला धास्ती वाटली. आज पळाला आहे मास्तर, आज तरी त्याच्या मनासारखं होऊ दे, असं कुणालाही वाटलं असतं. मला स्वतःला वाटत होतं.

काकांनी उपरण्यानं तोंड पुसलं. "माझाच," ते म्हणाले. "तुझा नुसत्या डाव्या पायाचा. माझा दोन्ही पायांनी मारतो, वर डोक्यानंबी."

"डोकं? त्याला डोकं असतं तर संघाबाहेर बसला असता का तो?"

"मास्तर, उगं तोंडाला येईल ते बोलू नको."

बांधावरून गावाकडं निघालो, ते भांडतच. काठी माझ्याच हातात राहिली होती, ती कुणाच्या लक्षात नव्हती. वेशीपाशी आवाज एवढा चढला की हापशावरच्या एका बाईनं घागर खाली ठेवली आणि व्यंकटकाकांना दटावलं, "ओ भाऊ, त्या मास्तरला दिसत न्हाई. कामून भांडून राहिले त्याच्यासंगं?"

काका चालता चालता तिच्यावरच खेकसले, "दिसत न्हाई म्हनून काय झालं? चुकीचं बोलून राहिला त्यो."

अण्णांनी मान ताठ केली आणि पुढचा मुद्दा काढला.